एका फुलीचे मोल

इंग्लंडच्या मध्यभागी, लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकापासून आगगाडीने साधारण सव्वा तासाच्या अंतरावर, सोअर नदीच्या काठी लेस्टर हे शहर वसले आहे. मोजे, विणकाम आणि पादत्राणे यांच्या कारखान्यांवर ते वाढले. जगाला सहलीची वाट दाखविणारे थॉमस कुक यांनी 1841 साली आपली पहिली रेल्वे-सहल काढली ती याच शहरातून. आणि ती निघाली होती मद्यपानविरोधी सभेसाठी! व्यसनत्यागाचे संस्कार लाभलेल्या वाचकांना ही गोष्ट विशेष वाटेल.

परंतु भारतातून जाणारा जैन यात्रेकरू या शहरात उतरतो तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जिनमंदिराच्या दर्शनासाठी. एकोणिसाव्या शतकातील एका काँग्रिगेशनल चर्चची ही वास्तू तेथील जैन समाजाने विकत घेतली आणि 1988 साली तेथे प्रतिष्ठा महोत्सव झाला. शुभ्र संगमरवराचा दर्शनी भाग, आत कोरीव स्तंभ, आरशांच्या तुकड्यांची नक्षी, आणि रंगीत काचांच्या खिडक्यांतून उजळणारे भगवान महावीरांचे जीवनप्रसंग पाहताना, बाहेर पाऊस झिमझिमत असला तरी, आपण राजस्थानातील एखाद्या मंदिरात उभे आहोत असा भास होतो.

या मंदिराचे खरे वैशिष्ट्य मात्र दगडात नाही, व्यवस्थेत आहे. एकाच छपराखाली श्वेतांबर मंदिर आहे, दिगंबर मंदिर आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे आणि श्रीमद् राजचंद्र ज्ञानमंदिरही आहे. भारतात जी मंडळी एकाच गावात राहूनही वेगवेगळ्या दारांनी जातात, ती येथे एकाच दारातून आत येतात. हे कसे जमले? येथे कोणी आपली पूजाविधी सोडली नाही, कोणी आपली सामायिकाची रीत बदलली नाही. संपूर्ण वास्तू आपलीच असावी, हा आग्रह तेवढा प्रत्येकाने सोडला. आग्रह सोडला, आचार राखला. लेस्टरच्या जैन समाजाने हा पाठ स्वतःपुरता गिरविला होता. पुढे 2010 च्या मे महिन्यात साऱ्या ब्रिटनपुढेच तो प्रश्न उभा राहिला, तेव्हा या शहरातील घराघरांत त्यावर जी चर्चा रंगली तिला म्हणूनच एक वेगळी खोली होती.

घड्याळ-मनोऱ्यावरील सरदार

मंदिरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर शहराचा घड्याळ-मनोरा आहे. 1868 साली उभारलेल्या या मनोऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार पुतळे आहेत. त्यांपैकी एक सायमन द माँटफर्ट या सरदाराचा. हा लेस्टरचा जहागीरदार. राजा तिसरा हेन्री याच्याविरुद्ध त्याने बंड केले आणि 1265 च्या जानेवारीत वेस्टमिन्स्टर येथे जी सभा बोलावली, तिला सरदार व धर्माधिकारी यांच्याबरोबर परगण्यांचे आणि नगरांचे प्रतिनिधीही पाचारण केले. सामान्य नगरवासीयांचा आवाज राज्यकारभारात उमटण्याच्या इतिहासात या सभेला मोठे स्थान आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इव्हशॅमच्या लढाईत तो मारला गेला. आज त्याचे नाव शहरातील एका विद्यापीठाला आहे आणि ते विद्यापीठ जिनमंदिरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

पण याच सायमनने 1231 च्या सुमारास लेस्टरमधून ज्यू लोकांना हद्दपार केले होते, हेही विसरता येत नाही. एकाच पुरुषाच्या चरित्रात प्रतिनिधित्वाचा पायाही आहे आणि परधर्मीयांना दार बंद करण्याचा कलंकही आहे. एका नयाने पाहिले तर तो लोकशाहीच्या पूर्वजांपैकी एक, दुसऱ्या नयाने पाहिले तर एक असहिष्णू जहागीरदार. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि त्यांपैकी एकच खरे मानणे म्हणजे अर्धसत्य पदरी घेणे.

घड्याळ-मनोऱ्याच्या दक्षिणेला, शहराच्या जुन्या भागात, 2012 साली एका वाहनतळाखाली राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष सापडले. 1485 साली बॉसवर्थच्या रणभूमीवर तो पडला आणि राजमुकुट दुसऱ्याच्या मस्तकी गेला. सत्तांतर म्हणजे रक्तपात, हा तेव्हाचा नियम होता. आज ते काम शाळेच्या दालनात, दोरीने बांधलेल्या एका साध्या पेन्सिलीने होते. अहिंसेची थोरवी सांगायला याहून बोलके उदाहरण शोधायला नको.

नको म्हटलेले पाहुणे

लेस्टरचे जैन मतदार हे मुख्यतः गुजराती भाषक. त्यांतील पुष्कळ कुटुंबे पूर्व आफ्रिकेतून आलेली. 1972 च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पेढ्या, घरे, साठवलेली पुंजी मागे टाकून सुमारे 27,000 माणसे ब्रिटनमध्ये आली. त्या वेळी लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातील एका वृत्तपत्रात जाहिरात देऊन या लोकांना कळविले की शहरातील घरे, शाळा व आरोग्यसेवा यांच्यावर आधीच ताण आहे, तेव्हा त्यांनी येथे येऊ नये. परिणाम असा झाला की ज्यांनी लेस्टरचे नाव पूर्वी ऐकले नव्हते त्यांनाही ते कळले, आणि पुष्कळजण येथेच आले. ज्या बेलग्रेव्ह रोडवर तेव्हा बंद दुकाने होती, तेथे आज सोन्याचांदीच्या पेढ्या, साड्यांची दुकाने आणि मिठाईवाले आहेत. लोक त्या रस्त्याला ‘सोनेरी मैल’ म्हणतात. ज्यांना येऊ नका म्हटले, त्यांच्याच दारी निवडणुकीच्या दिवसांत सर्व पक्षांचे उमेदवार हात जोडून उभे राहू लागले.

या वडीलधाऱ्या मंडळींची राजकीय स्मृती सरळ रेषेत जात नाही. युगांडातून आलेल्यांना देशात घेतले ते एडवर्ड हीथ यांच्या काँझर्व्हेटिव्ह म्हणजे हुजूर पक्षाच्या सरकारने, स्वपक्षातील विरोध सोसून. उलट 1968 साली केनियातील आशियाई लोकांचा मार्ग घाईघाईने कायदा करून अडविला तो लेबर म्हणजे मजूर पक्षाच्या सरकारने. पण वर्णभेदाला कायद्याने आळा घालणारे 1965, 1968 आणि 1976 चे अधिनियमही मजूर पक्षाचेच. म्हणजे ऋण दोघांचे आहे आणि सल दोघांविषयी आहे. त्यामुळे एखादे आजोबा ‘आपला पक्ष’ असे म्हणत, तेव्हा तो शब्द उच्चारण्यापूर्वी ते क्षणभर थांबत.

लेस्टर शहराचे तीन मतदारसंघ आहेत. जिनमंदिर ज्यात येते त्या दक्षिण मतदारसंघात 2004 च्या पोटनिवडणुकीत परमजित सिंग गिल हे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे उमेदवार निवडून आले होते. इराक युद्धाविषयीचा रोष त्यामागे होता. पुढच्याच वर्षी ती जागा मजूर पक्षाने परत घेतली. दोन मोठ्या पक्षांखेरीज तिसराही असतो, हे या शहराने अशा रीतीने आधीच अनुभवले होते.

पेन्सिल, फुली आणि पाच दिवस

6 मे 2010, गुरुवार. सकाळी 7 वाजता मतदानकेंद्रे उघडली. महाराष्ट्रातील मतदाराला तेथील मतदान फार साधे वाटेल. यंत्र नाही, बोटाला शाई नाही. कागदाची मतपत्रिका, आडोशाला बांधलेली पेन्सिल आणि पसंतीच्या नावापुढे एक फुली. केंद्रे रात्री 10 पर्यंत उघडी असतात. मेच्या आरंभी तेथे सूर्य साडेआठनंतर मावळतो. त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या घरांतूनही सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून सावकाश मतदानाला जाता येते.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक नसेल. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना, म्हणजे भारतीय पारपत्र असलेल्यांनाही, तेथील संसदेच्या निवडणुकीत मत देता येते. सांगली-कोल्हापूरकडून शिकायला गेलेला एखादा विद्यार्थी मतदारयादीत नाव नोंदवून त्या देशाचे सरकार निवडण्यात भाग घेऊ शकतो. ज्या साम्राज्याने आपल्यावर दीडशे वर्षे राज्य केले, त्याच्या संसदेसाठी आपल्या हाताने फुली मारताना अशा तरुणांच्या मनात काय येत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या वर्षी प्रथमच तीन प्रमुख पक्षांच्या नेत्यांचे दूरचित्रवाणीवर समोरासमोर वादविवाद झाले. गॉर्डन ब्राउन, डेव्हिड कॅमेरॉन आणि निक क्लेग. क्लेग यांची छाप पडली आणि त्यांच्या पक्षाचे नाव घरोघरी गेले. मंदिर ही धर्मादाय संस्था असल्याने कायद्याने तिला कोणा पक्षाची बाजू घेता येत नाही. म्हणून चर्चा होई ती मंदिराबाहेरच्या पदपथावर, दुकानांच्या गल्ल्यापाशी आणि रात्री घरोघरी.

मतमोजणी संपली तेव्हा कोणाच्याच पदरात बहुमत नव्हते. 650 जागांच्या सभागृहात हुजूर पक्षाला 306, मजूर पक्षाला 258 आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षाला 57 जागा मिळाल्या. साध्या बहुमतासाठी 326 हव्या होत्या. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो तशी संसद 1974 नंतर प्रथमच अवतरली होती. 23 टक्के मते मिळवूनही तिसऱ्या पक्षाच्या हाती शेकडा नऊसुद्धा जागा आल्या नव्हत्या. परंतु किल्ली मात्र त्याच्याच हाती होती.

त्या पाच दिवसांत लेस्टरच्या घरांतून झालेल्या संवादांचे स्वरूप साधारण असे होते. गणिताची आवड असलेले तरुण कागद घेऊन बेरजा मांडत. हुजूर आणि लिबरल मिळून 363, म्हणजे भक्कम सरकार. मजूर आणि लिबरल मिळून 315, म्हणजे अकरा कमी. त्यांत स्कॉटलंडच्या राष्ट्रवादी पक्षाचे 6, वेल्सच्या पक्षाचे 3, उत्तर आयर्लंडमधील दोन छोट्या पक्षांचे 4 आणि हरित पक्षाची 1 जागा मिळविली तर 329. सात पक्ष आणि बहुमत जेमतेम तिघांचे! एखाद्याला सर्दी झाली तरी सरकार कोसळायचे, असे कोणी म्हणे. तिसरा मार्ग असा की हुजूर पक्षाने एकट्याने सरकार बनवावे आणि लिबरलांनी बाहेरून पाठिंबा द्यावा. चौथा म्हणजे पुन्हा निवडणूक.

दुकानदार मंडळींचा कल पहिल्या मार्गाकडे होता. ग्रीसवरील कर्जाचे संकट त्या आठवड्यात रोज वृत्तपत्रांत होते, ब्रिटनच्या तिजोरीतील तूटही फार मोठी होती, आणि ‘पेढीवर मालक नाही असे चार दिवसही दिसता कामा नये’ हे त्यांचे व्यवहारज्ञान. नोकरीपेशातील, इस्पितळांत व शाळांत काम करणाऱ्या मंडळींना खर्चकपातीची धास्ती होती. त्यांना वाटे, मजूर आणि लिबरल हेच विचारांनी जवळचे. ज्येष्ठांना 1974 चा फेब्रुवारी आठवत होता. तेव्हा मजूर पक्षाला 301 आणि हुजूर पक्षाला 297 जागा मिळाल्या होत्या. हीथ यांनी लिबरल नेते जेरेमी थॉर्प यांच्याशी बोलणी केली, ती फिसकटली, हॅरॉल्ड विल्सन यांचे अल्पमतातील सरकार आले आणि ऑक्टोबरात पुन्हा निवडणूक घ्यावी लागली. ‘इंग्रजाला भागीदारी जमत नाही,’ असा त्यांचा निष्कर्ष.

भागीदारीचा करार

अशा वेळी घरातली शाळकरी नात आजोबांना विचारी, “दादा, तुम्ही फुली मारली एका पक्षापुढे आणि सरकार आले दोघांचे, तर तुमची फुली गेली कुठे?”

प्रश्न बालिश नव्हता. संयुक्त सरकारांविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. मतदार एका नावापुढे खूण करतो. तिच्याबरोबर ‘पण अमुक मुद्दा सोडू नका’ अशी चिठ्ठी त्याला जोडता येत नाही. निवडणूक संपल्यावर बंद दाराआड जी देवघेव होते, तीत त्याच्या विश्वासाचा कोणता भाग ठेवला गेला आणि कोणता विकला गेला, हे त्याला नंतर कळते.

पेढीवर आयुष्य घालविलेल्या पिढीचे उत्तर पेढीच्याच भाषेत येई. “भागीदारीत उतरायचे तर दोघांनाही काही सोडावे लागते, बेटा. दुकानाचे नाव, नफ्याचा वाटा, कोण कुठल्या गल्ल्यावर बसणार, सगळे बोलून ठरवता येते. पण भागीदार येण्यापूर्वी आपण गिऱ्हाइकाला जो शब्द दिला, तो भागीदार आला म्हणून फिरवता येत नाही.”

वेस्टमिन्स्टरमध्ये त्याच प्रकारचा करार लिहिला जात होता. शुक्रवारी कॅमेरॉन यांनी लिबरलांपुढे सहकार्याचा व्यापक प्रस्ताव ठेवला. क्लेग यांनी निवडणुकीपूर्वीच सांगून ठेवले होते की ज्या पक्षाला अधिक मते व जागा मिळतील त्याला पहिली संधी द्यावी, आणि त्याप्रमाणे ते वागले. सोमवारी ब्राउन यांनी आपण पक्षनेतेपद सोडू असे जाहीर करून मजूर पक्षाशी बोलण्याचा मार्ग मोकळा केला. पण 329 चे गणित कोणाला पटेना. मंगळवारी, 11 मे रोजी, ब्राउन यांनी राजीनामा दिला, कॅमेरॉन पंतप्रधान झाले आणि क्लेग उपपंतप्रधान. दुसऱ्या महायुद्धानंतरचे ब्रिटनचे ते पहिले संयुक्त सरकार. पाच लिबरल मंत्री मंत्रिमंडळात बसले. पक्षाने रविवारी बर्मिंगहॅम येथे विशेष अधिवेशन भरवून कराराला संमती घेतली. नेत्यांनी परस्पर सौदा केला असे कोणी म्हणू नये, यासाठी ही काळजी होती.

करार काही अंशी उत्तम होता, हे मान्य केले पाहिजे. अल्प उत्पन्नावरील आयकर कमी करण्याचा लिबरलांचा आग्रह स्वीकारला गेला. गरीब विद्यार्थ्यांसाठी शाळांना अधिक निधी मिळाला. मतदानपद्धती बदलावी की नाही यावर सार्वमत घेण्याचे ठरले. 5 मे 2011 रोजी ते झाले आणि सुमारे 68 टक्के लोकांनी बदल नाकारला. हुजूर पक्षाने आपल्या काही योजना बाजूला ठेवल्या. इंग्रजाला भागीदारी जमत नाही म्हणणाऱ्यांना ते सरकार पुरती पाच वर्षे टिकवून उत्तर मिळाले. आपलेच मत पूर्ण सत्य हा अभिनिवेश दोन्ही पक्षांनी थोडा थोडा सोडला होता. येथवर अनेकांताच्या अनुयायाला या प्रयोगाचे कौतुकच वाटावे.

मोडलेला शब्द

पण एका ठिकाणी पाऊल घसरले. निवडणुकीपूर्वी विद्यार्थी संघटनेच्या एका प्रतिज्ञापत्रावर लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी सह्या केल्या होत्या. विद्यापीठांच्या शुल्कात वाढ करण्याचा प्रस्ताव आला तर आपण त्याविरुद्ध मत देऊ, असे ते वचन होते. निवडून आलेल्या 57 जणांपैकी प्रत्येकाची सही त्यावर होती. विद्यापीठाच्या परिसरातून, बसथांब्यांवरून, लेस्टरच्या तरुणांनी ते वचन ऐकले होते आणि अनेकांची पहिली फुली त्याच विश्वासाने पडली होती.

आघाडीच्या करारात या प्रश्नावर लिबरल खासदारांना तटस्थ राहण्याची मुभा ठेवली गेली. वचनाचे अवमूल्यन तेथेच सुरू झाले, कारण विरोध करीन असे म्हणणे आणि गप्प राहीन असे म्हणणे एक नव्हे. 9 डिसेंबर 2010 रोजी प्रस्ताव मतदानाला आला. इंग्लंडमधील विद्यापीठांचे वार्षिक शुल्क तेव्हा 3,290 पौंडांपर्यंत होते. त्याची मर्यादा 9,000 पौंड करण्यात आली. बाजूने 323, विरोधात 302. लिबरल खासदारांपैकी 21 जणांनी दिलेला शब्द पाळून विरोधात मत दिले. जवळजवळ निम्म्यांनी वाढीच्या बाजूने दिले. उरलेले तटस्थ वा अनुपस्थित राहिले.

घराघरांत वाद पुन्हा पेटला. व्यवहारी मंडळी म्हणत, “बहुमत नसलेल्या पक्षाने जाहीरनाम्यातील सगळेच कसे पाळावे? भागीदारीत हे चालायचेच.” या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते जाहीरनाम्याला लागू पडते. कर किती असावा, निधी किती द्यावा, हे सत्ता मिळाली तरच करता येते; ती न मिळाल्यास मतदार समजून घेतो. प्रतिज्ञापत्रावरचे वचन वेगळे होते. ‘मी विरोधात मत देईन’ हे पाळायला बहुमत लागत नव्हते, सत्ताही लागत नव्हती. लागत होता फक्त स्वतःचा एक हात. ते 21 जण हेच दाखवून गेले.

येथे जैन श्रावकाला आपल्या परंपरेतील एक सूक्ष्म भेद आठवल्याशिवाय राहत नाही. अनेकांत हा दृष्टीचा विषय आहे, व्रत हा आचरणाचा. समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश आहे असे मानून आपला आग्रह सैल करणे हा अनेकांत. पण दिलेल्या वचनाला ‘दुसऱ्या बाजूने पाहिले तर’ असे म्हणून फाटा देणे याला अनेकांत म्हणत नाहीत. तेथे सत्याणुव्रताचा प्रश्न येतो. स्याद्वाद हा विचारात विनय आणण्यासाठी आहे, शब्दातून पळवाट काढण्यासाठी नव्हे.

2012 च्या सप्टेंबरमध्ये क्लेग यांनी जाहीर क्षमा मागितली. शुल्क वाढविले याबद्दल नव्हे, तर पाळता येईल याची खात्री नसताना वचन दिले याबद्दल. कित्येकांनी तिची थट्टा केली. तथापि त्या क्षमायाचनेतील निदान विचार करण्याजोगे आहे. सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्त्याग’ आणि ‘शक्तितस्तप’ असे शब्द येतात. त्याग असो वा तप, शक्ती ओळखून करावे. पर्युषणात मुलाने आठ दिवसांच्या उपवासाचा हट्ट धरला तर घरातील वडीलधारे त्याला आधी एकाशन, मग एक उपवास करून पाहा म्हणतात, ते त्याच्या उत्साहावर पाणी ओतण्यासाठी नव्हे. घेतलेले प्रत्याख्यान मोडण्याची पाळी येऊ नये, म्हणून. राजकारणात असे सांगणारे वडीलधारे कोणी नसतात. तेथे टाळ्या मोठ्या वचनालाच मिळतात. त्या टाळ्यांत मतदारांचाही हात असतो, हे विसरू नये.

हिशेब

हिशेब चुकता झाला 2015 च्या मे महिन्यात. 57 जागांचा पक्ष 8 वर आला. त्याच निवडणुकीपूर्वी पुन्हा आघाड्यांची चर्चा जोरात होती. मजूर पक्ष स्कॉटिश राष्ट्रवाद्यांच्या तालावर नाचेल, असे भय मतदारांना दाखविले जात होते. प्रत्यक्षात हुजूर पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले. 2017 साली ते गेले. 317 जागांच्या सरकारला उत्तर आयर्लंडच्या एका पक्षाच्या 10 खासदारांचा बाहेरून पाठिंबा घ्यावा लागला. 2024 साली मजूर पक्षाने सुमारे 34 टक्के मतांवर 411 जागा मिळविल्या, आणि लिबरल डेमोक्रॅटही 72 पर्यंत वर आले. लोक शिक्षा करतात, तशी कालांतराने क्षमाही करतात.

त्याच वर्षी लेस्टर पूर्व मतदारसंघात, म्हणजे बेलग्रेव्ह रोडच्या परिसरात, एक नवल घडले. देशभर हुजूर पक्षाची धूळधाण होत असताना येथे त्या पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. हुजूर पक्षाने दुसऱ्याकडून जिंकून घेतलेली त्या निवडणुकीतील ती एकमेव जागा. मजूर पक्षाच्या अधिकृत उमेदवाराबरोबर याच मतदारसंघाचे दोन माजी खासदारही उभे होते आणि मते विभागली गेली. सुमारे 31 टक्के मतांवर विजय झाला. प्रत्येक तुकड्याने आपलाच आग्रह धरला, की उरलेल्या एकोणसत्तर जणांचे काय होते, ते या निकालात दिसते. वेस्टमिन्स्टरच्या आघाडीत वचन सुटले होते, येथे आग्रह सुटला नव्हता. नेमके कोणते सोडावे आणि कोणते राखावे, हे उलटसुलट झाले की दोन्हीकडे मतदारच ठकतो.

लेस्टरला जाणाऱ्या यात्रेकरूने जिनमंदिराच्या दर्शनानंतर अर्धा दिवस शहरासाठी राखून ठेवावा. घड्याळ-मनोऱ्यावरचा सायमन पाहावा, बेलग्रेव्ह रोडवर फेरी मारावी, तेथील वयोवृद्ध मंडळींशी चार शब्द बोलावेत. 1972 साली हातात एक पेटी घेऊन आलेली ही माणसे आज आपल्या नातवंडांना मतदानकेंद्रावर घेऊन जातात. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ज्या वास्तूत आज चार परंपरा एकत्र नांदतात, तेथे पूर्वी काँग्रिगेशनल पंथाची प्रार्थना होई. आणि त्या पंथाची रीत अशी की प्रत्येक चर्चचा कारभार तेथील सभासदांनी एकत्र बसून ठरवावा. भिंती त्याच राहिल्या, उपासना बदलली. पण एकमेकांचे ऐकून घेऊन निर्णय करण्याची ती सवय त्या भिंतींनी नव्या रहिवाशांनाही देऊ केली असावी.

आपल्याकडेही आता निवडणुका आघाड्यांच्याच झाल्या आहेत, आणि मतदानानंतर कोण कोणाबरोबर जाईल हे मतदानापूर्वी सांगता येत नाही. अशा वेळी लेस्टरच्या त्या आजोबांचे शब्द उपयोगी पडावेत. उमेदवार दारी आला, की तुम्ही कोणाशी युती करणार, एवढेच विचारून थांबू नये. युती झाली तरी तुमचा कोणता शब्द फिरणार नाही, तेही विचारावे. आणि तो शब्द त्याच्या शक्तीतला आहे की नाही, हे आपणच तोलून मग बोट उचलावे.